पाण्याचं विरजण

मला दुधावरची साय बघवत नाही. न्हावऱ्यात दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या माणसानं हे सांगावं म्हणजे लोक हसतील, पण खरं आहे. साय, पिकल्या केळ्याची काळी पडलेली जागा, ओल्या टॉवेलचा कुबट वास, मोरीच्या जाळीत अडकलेली भाताची शितं, कुणाच्या तरी ताटातला अर्धा घास, यातलं काहीही दिसलं की माझ्या पोटात ढवळायला लागतं. आई होती तेव्हा म्हणायची, ह्याला देवानं नाक तेवढं मनापासून दिलं, बाकीचं उरकून टाकलं.

धंद्यात मात्र ही किळस कामाला आली. सकाळी सहाला दूध घालणारे रांगेत उभे राहिले की मी आधी फॅट बघत नाही. कॅनच्या गळ्यातून आत बोट फिरवतो. बोटाला बुळबुळ लागली की कॅन माघारी, मग तो सरपंचाचा मेहुणा असो नाहीतर माझा चुलतभाऊ. बुळबुळ म्हणजे नासकं दूध, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. केंद्र बंद करताना कॅन, नळ्या, गाळण्या, मापं, सगळं कढत पाण्यात धुण्याच्या सोड्यानं घासायचं आणि मग ब्लीचिंगच्या पाण्यातून काढायचं. सव्वीस वर्षं हेच चाललंय. माघारी लोक मला सोवळं म्हणतात. म्हणू देत.

आणि असल्या माणसाच्या बापाला लकवा मारला.

आबांची उजवी बाजू गेली. शब्द जड झाले, तोंडाची उजवी कड खाली ओघळली आणि त्या कडेतून सारखी लाळ यायला लागली. भरवणं, पुसणं, कपडे बदलणं, भांडं देणं, सगळं माझी बायको करायची. मी औषधं आणायचो, गाडी करून शिरूरला डॉक्टरकडं न्यायचो आणि रोज उंबऱ्यात उभा राहून ‘आबा, बरं हाय ना?’ एवढं विचारायचो. गावात म्हणायचे, लेक बापाला चांगलं बघतोय. बघतच होतो की. लांबून.

दवाखान्यात पहिले दहा दिवस आबांना नाकातून नळी घातली होती. त्यांनी ती दोनदा डाव्या हातानं उपसली. दुसऱ्या वेळेला रक्त आलं, तेव्हा नर्सनं तो हात पट्टीनं कॉटला बांधून टाकला. ज्या माणसानं जन्मभर गोऱ्ह्यांना वेसण घातली त्याच्याच नाकात शेवटी असलं काहीतरी आलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तोंडानं नीट खाल्लं तर बरंच आहे, खाणं थांबलं तर परत नळी टाकावी लागेल. आबांनी ते ऐकलं. तेव्हापासून आमच्या घरात एकच चौकशी असायची, आज किती घास गेले.

माशांची टाकी ही बायकोची कल्पना. शिरूरच्या त्या दवाखान्यात, बाहेर बसायच्या जागी एक टाकी होती. आबांची खुर्ची तिच्यासमोर लावली होती. मासा काचेजवळ येऊन तोंड उघडी, की आबांचं तोंडही आपोआप उघडे. माझ्या डोक्यात ते आलं नसतं. हिनं मात्र पिशवीतला डबा काढला आणि तिथंच शिरा भरवायला सुरुवात केली. वाटीभर शिरा गेला. पुढच्या आठवड्यात आमच्या घरी दीड फुटाची टाकी आली, पाच लाल मासे आले, आणि टाकी आबांच्या खाटेसमोर कपाटावर बसली. एक घास माशांना, एक आबांना, असं जेवण चालायचं.

मला ती टाकी पहिल्या दिवसापासून घाण वाटली. मासे त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात हगतात आणि तेच पाणी परत तोंडात घेतात. शी! मागं लांब दोरा लोंबकळत असतो आणि पुढून खाणं चालूच. मी हिला बोललो तर म्हणाली, “तुम्ही बघू नका. ज्यांच्यासाठी आणलीय ते बघत्यात.”

दिवाळीनंतर वरवंडला माझ्या सासूबाई अंगणात घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हिला महिनाभर माहेरी जाणं भाग होतं. बॅग भरता भरता म्हणाली, “आबांचं सगळं आता तुम्हाला करायचंय. तोंड वाकडं करायचं न्हाई. त्यांना कळतं.”

“मी कधी तोंड वाकडं केलं?”

तिनं बॅगची चेन ओढली.

पहिल्याच दुपारी मी केंद्रावरचे रबरी हातमोजे घरी आणले. सोड्याच्या पाण्यात हात घालताना वापरतो ते, कोपरापर्यंतचे, केशरी. दूध-भाकरीचा काला केला आणि मोजे चढवून खाटेवर बसलो. “इन्फेक्शन नको, आबा,” मी म्हणालो. आबांनी मोज्यांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही, मान वळवून माशांकडं बघायला लागले.

घास आत गेला आणि अर्धा उजव्या कडेनं बाहेर आला. दूध, भाकरीचा लगदा आणि लाळ हनुवटीवरून माझ्या हातावर उतरली. रबरातूनही ती कोमट लागली. माझ्या घशाशी आलं. मी उठलो, मोरीत जाऊन थुंकलो, तोंड धुतलं आणि परत येऊन म्हणालो, ठसका लागला. असले सहा घास मी त्या दुपारी भरवले. कपडे बदलताना तर मी श्वास धरून, डोळे अर्धे मिटून उरकलं. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून शिरूरचा बाजार दाखवला त्याची मला शिसारी येत होती. दुसरा शब्द नाही त्याला. रात्री स्वतःला चार शिव्या घालायच्या आणि सकाळी परत मोजे चढवायचे, असा आठवडा गेला.

त्याच आठवड्यात टाकी बिघडली. तिच्यासोबत आलेला फिल्टर म्हणजे काडेपेटीएवढी मोटर आणि तिच्या पोटात बोटभर स्पंज. मोटर घुर्र घुर्र करून एक दिवस गप्प झाली. पाणी पिवळं पडलं आणि घरात तळ्याच्या काठाला येतो तसला वास सुटला. शिरूरच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, “तसला पीस आता येत नाही, टाकी नवीन घ्या, फिल्टर त्यातच येतो.” वा रे वा! बटण तुटलं म्हणून सदरा नवा घ्या. मी फोन आपटला.

मग मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. कुठलातरी माणूस बरणीत फिल्टर बनवत होता. म्हटलं, सव्वीस वर्षं दुधाची यंत्रं खोलून बसवतोय, मला हे जमणार नाही होय? आबांच्या ताकदीच्या पावडरीची प्लास्टिकची रिकामी बरणी घेतली. शेतातल्या ठिबकची वीतभर नळी कापून आणली. दवाखान्यातून सामानाबरोबर आलेली सलाईनची नळी होतीच. फुटक्या कौलाचे हरभऱ्याएवढे तुकडे केले आणि नवा स्पंज गोल कातरून घेतला. विकत आणला तो फक्त हवेचा छोटा पंप.

आबांच्या खाटेशेजारीच मी मांडी घालून हे सगळं करत बसलो होतो. बरणीला भोकं पाडायची होती. दाभण तापवून मी तळाशी टेकवलं तोच आबांचा डावा हात हलला.

“भोकं… वर,” आबा म्हणाले.

बरोबर होतं त्यांचं. सलाईनच्या नळीतून हवा बरणीच्या तळाशी जाणार. तिथून तिचे बुडबुडे ठिबकच्या नळीतून वर निघणार आणि जाताना तळाचं पाणी ओढून बाहेर नेणार. तेवढंच पाणी वरच्या भोकांतून आत येणार आणि स्पंजातून, कौलांतून गाळून खाली उतरणार. भोकं तळाला पाडली असती तर पाणी न गाळताच वर गेलं असतं. जन्मभर पाटाचं पाणी फिरवलेल्या माणसाला ते बसल्या जागी दिसलं आणि मला व्हिडिओ तीनदा बघून कळलं नाही. मी भोकं झाकणाला पाडली. पंप लावला. बुड, बुड, बुड, नळीच्या तोंडातून पाणी वर यायला लागलं आणि आबा चक्क हसले, वाकड्या तोंडानं.

चार-पाच दिवसांत पाणी निवळलं. आबांचे घास सहावरून दहावर गेले. मी फुगलो. दूध घालायला येणाऱ्याला थांबवून मोबाइलवर फिल्टरचा फोटो दाखवायचो. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, पण तेव्हा ते आठवलं नाही.

बाराव्या दिवशी मी बरणी नीट निरखून बघितली आणि अंगावर काटा आला. स्पंज तपकिरी झाला होता. कौलांवर जाड, थलथलीत थर बसला होता आणि बुडबुड्यांबरोबर हलत होता. नाकातून काढलेलं काहीतरी तिथं साचवून ठेवलंय असं वाटत होतं. मी मोजा घालून बरणी बाहेर काढली, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. बुळबुळ! सव्वीस वर्षांच्या बोटाला दुसरं काय कळणार? हे असलं गाळून माझ्या बापासमोर ठेवतोय मी, असं वाटून डोकंच फिरलं.

बरणी तशीच केंद्रावर नेली आणि तिला कॅनचा पूर्ण मान दिला. कढत पाणी, सोडा, ब्रश. कौलाचा तुकडा न् तुकडा घासला. स्पंज पिळला, परत भिजवला, परत पिळला, नितळ पाणी येईपर्यंत सोडलं नाही. मग ब्लीचिंगच्या पाण्यातून काढून सगळं उन्हात वाळवलं. घरी आणून बसवलं तेव्हा स्पंज पहिल्यासारखा पिवळाधमक होता. “बघा आबा,” मी म्हणालो, “आता कसं आरशासारखं झालं.”

दोन दिवसांनी पाणी पांढरट झालं. कुणी तांब्याभर दूध ओतावं तसं. मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, खाणं टाकलं तरी खालीवर होईनात. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. दुपारी दुसरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरा. मी झाऱ्यानं ते उचलले. मेलेल्या माशाचा डोळा पांढरा होतो आणि अंग हाताला साबणासारखं लागतं, मोज्यातूनसुद्धा. तिसऱ्याला टाकून आलो आणि न्हाणीत ओकलो.

आबांनी तिन्ही बघितले. टाकी त्यांच्या डोळ्यांसमोरच होती, न बघून करतात काय? आणि त्यांनी तोंड मिटलं. हट्ट नव्हता तो, राग नव्हता. घास ओठाला लावला की ओठ घट्ट व्हायचे आणि मान भिंतीकडं जायची. पहिल्या दिवशी चार चमचे दूध गेलं. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. मी डॉक्टरना फोन केला. ऐकू नीट येईना म्हणून आवाज मोठा करून ठेवला होता, माझी अक्कल. डॉक्टर म्हणाले, “परवापर्यंत बघा. नाही खाल्लं तर घेऊन या, नळी टाकू.”

मागं वळून बघितलं तर आबांचा डावा हात नाकावर गेलेला होता. नाक झाकून धरलं होतं त्यांनी, तळहातानं.

मी हिला फोन लावला. आधी आबांचं सांगितलं, मग माशांचं.

“काय केलं तुम्ही त्या टाकीला?”

“काही नाही. फिल्टर स्वच्छ धुतला.”

“कशानं?”

“सोड्यानं. आणि ब्लीचिंग.”

मग म्हणाली, “आग लागो तुमच्या स्वच्छतेला. आता ऐका. इथं हायवेच्या कडंला सलून हाय. त्याची टाकी मी लग्नाच्या आधीपासनं बघते, मासं कवा मरत न्हाईत. आजच्या आज या आन् त्याला इचारा.”

शेजारच्या वहिनींना आबांजवळ बसवलं, संध्याकाळच्या संकलनाला बदली माणूस उभा केला आणि गाडीला किक मारली. भीमेच्या पुलावर नेहमीसारखा नाकाला रुमाल बांधला. वरून पुण्याची सगळी मोरी येते त्या पाण्यात. फेस, जलपर्णी आणि तो वास. पूल संपेपर्यंत मी श्वास घेत नाही. चौफुल्यावरून वरवंड गाठलं तेव्हा उन्हं उतरायला लागली होती.

सलून म्हणजे दोन खुर्च्या, एक आरसा आणि जमिनीवर दिवसभराचे केस. खुंटीला ओला टॉवेल, कितीजणांची तोंडं पुसलेला कुणास ठाऊक. कोपऱ्यात टाकी. देवा! काचेला हिरवं शेवाळ, कडेला साबणाचे शिंतोडे, वरच्या झाकणावर केस. आत तेलाची उलटी बाटली कापून बसवलेला घरगुती फिल्टर आणि त्यातला स्पंज काळाकुट्ट, लोंबणारा. आणि त्या घाणीत तळहाताएवढे मासे मजेत फिरत होते. मला इतका राग आला म्हणून सांगू!

“बसा मामा, चार नंबर हायत,” सलूनवाला कात्री चालवत म्हणाला.

“मला केस कापायचे नाहीत.”

“मग तर सगळ्यात शेवटी.”

बसलो. चार जणांची दाढी, कटिंग, एकाची मालीश. बाकाच्या टोकाला बसलो होतो, पाठ कुठं टेकू नये म्हणून. शेवटचं गिऱ्हाईक उठलं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मी सगळी कहाणी सांगितली. सोड्यापाशी आलो तसा तो हातातला कंगवा ठेवून हसायला लागला.

“तुम्ही डेरीवालं ना? मग तुम्हाला न्हाई कळलं? आवो, ती बुळबुळ म्हंजी घाण न्हाई. त्यात बारीक जीव असत्यात, माशाची घाण त्येच खात्यात. दुधाचं दही कशानं व्हतं? विरजणानं. तसं ह्ये पाण्याचं विरजण. तुम्ही बारा दिवसांत लागलेलं विरजण सोड्यानं धुतलं!”

मी कपाळावर हात मारला. विरजण! ह्याला त्यानं जंतू म्हटलं असतं तर मी वाद घातला असता. पण विरजणाचं भांडं सोड्यानं धुवून परत त्यात दही लागायची वाट बघणारा माणूस कोण असतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“मग आता?” मी विचारलं.

“आता काय, माझ्यातलं थोडं घिऊन जावा. अर्धा स्पंज देतो कापून.” त्यानं वस्तऱ्याला नवं ब्लेड लावलं आणि बाही वर केली. तेवढ्यात आतल्या दारातून त्याची म्हातारी आई उदबत्ती घेऊन आली, आरशाला ओवाळली, आणि विचारलं, “पाव्हण्यांना काय देतोस रं?”

“विरजण,” तो हसत म्हणाला. “माशाच्या पाण्याचं.”

“दिवा लागलाय.”

“आगं आई, ह्ये दह्याचं न्हवं…”

“विरजण त्ये विरजण. दिवेलागणीला घरातनं विरजण जात न्हाई. तुझ्या बापाच्या येळंपासनं गेलं न्हाई.” मग माझ्याकडं वळून, “सकाळी या.”

मी हात जोडले. “आजी, बाप दोन दिवस उपाशी आहे माझा.”

“मग बापाला जेवाय घाला की,” म्हातारी म्हणाली. “माशाचं काय लावलंय?”

सलूनवाल्यानं वस्तरा मिटला. आईच्या शब्दाबाहेर तो जाईना. दोन गल्ल्या सोडून सासरवाडी, तिथं कपभर चहा पिताना ही सगळं ऐकून हसली नाही, एवढंच म्हणाली, “म्हातारी बरोबर बोलली.” परत पूल, परत तो वास, परत न्हावरं. एवढं पेट्रोल जाळून हात हलवत परत आलो. आबांनी पाण्याचे तीन घोट घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं.

सकाळचं संकलन अर्ध्यावर बदलीच्या हातात देऊन मी परत वरवंडला. झाकणाचं भांडं आणा, साबणाचा वास नसलेलं, असं त्यानं सांगितलं होतं. माझ्याकडं साबणाचा वास नसलेलं एकच भांडं होतं, घरच्या दुधाची किटली. त्या किटलीत त्यानं आधी टाकीतलं हिरवट पाणी ओतलं, मग वस्तऱ्यानं कापलेला तो काळा, लोळागोळा स्पंज सोडला. स्पंजाला केस चिकटला होता. मी मान फिरवली.

“वाळू द्यायचा न्हाई,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर ह्यो तुमच्या टाकीत, तुमच्या स्पंजावर पिळायचा. आन् हातानं पिळायचा, त्ये मोजंबिजं न्हाई. मोज्यात सोडा मुरलेला असतोय. ऱ्हायलेलं दोन बी जातील.”

हँडलला किटली अडकवून मी आलो. प्रत्येक खड्ड्याला आत डुबुक डुबुक व्हायचं.

घरी आलो, बाही दंडापर्यंत दुमडली आणि उघडा हात किटलीत घातला. गार, जड, गिळगिळीत. बोटांच्या फटींतून ते सरकत होतं. स्पंज टाकीत नेऊन बरणीवर धरला आणि पिळला. काळा ढग निघाला. पावसात भिजून कुजलेल्या कडब्याचा वास आला, डोळ्यांत पाणी आलं, दोनदा उमासा आला, पण हात बाहेर काढला नाही. पिळत राहिलो. आणि उरलेले दोन मासे, मेले नाहीत म्हणून मी ज्यांना नमस्कार करत होतो ते, त्या काळ्या ढगात येऊन त्यातलेच कण वेचून खायला लागले. शी, शी, शी!

हात बाहेर काढला, मागं वळलो. आबा माशांकडं बघत नव्हते. माझ्या हाताकडं बघत होते, कोपरापर्यंत काळं ओघळत होतं तिकडं.

“माशाला…” ते म्हणाले. पुढचा शब्द यायला वेळ लागला. “मोजं… न्हाईत.”

“नाही आबा, मोज्यात सोडा असतो. मासे मरतात,” मी म्हणालो. म्हणालो आणि मग मला कळलं त्यांनी काय विचारलं ते. तिथंच, ओला हात तसाच धरून, मी उभा राहिलो. बापाला इतके दिवस रबर लावून भरवलं आणि एका सलूनमधल्या घाणीला उघड्या हातानं कुरवाळत होतो. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की आबांच्या डोळ्याला डोळा देता येईना.

हात धुतले. तीन वेळा धुतले, सवय जात नाही. ताटलीत भाकरी कुस्करली, दूध घातलं, मऊ केलं आणि खाटेवर त्यांच्या उजव्या अंगाला बसलो. मोजे मोरीत टांगलेले होते, तिकडं गेलो नाही. टाकीचं पाणी गढूळ झालं होतं. मासे दिसतच नव्हते, त्यामुळं आज त्यांची मदत नव्हती.

“आबा, खा,” मी म्हणालो. “दवाखान्यात न्यायचं नाही मला तुम्हाला.”

ओठ मिटलेले. मी घास ओठाला लावून धरला. एक मिनिट, दोन मिनिटं, हात दुखायला लागला. मग त्या उजव्या कडेतून लाळेची धार आली आणि माझ्या बोटांवरून तळहातात उतरली. उघड्या कातडीवर पहिल्यांदाच. कोमट, चिकट. माझं तोंड वाकडं झालं. ते मला आवरलं नाही. आबा एवढ्या जवळ होते की त्यांना दिसलंच.

“किळस… येती?” त्यांनी विचारलं.

न्हाई म्हणायचं होतं मला. शब्द जिभेवर आला होता. पण त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि ते डोळे लकवा व्हायच्या आधीचे होते.

“येती, आबा.”

त्यांनी श्वास सोडला. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि घास स्वतःच्या तोंडाजवळ ओढला.

“मला बी येती,” आबा म्हणाले. “माझीच.”

आणि तोंड उघडलं.